लिंक पेस्ट केली आणि उधारी गायब! गेट, पोस्ट, डिलीटची गोष्ट

मागच्या दिवाळीत राणीसावरगावला घरी गेलो, तेव्हा काकांच्या किराणा दुकानासाठी उधारीच्या वहीची छोटी वेबसाइट बनवली. एका गिऱ्हाइकाची नोंद काढायची होती, पण आधी काकांना विचारावं म्हणून नोंद काढायची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केली. प्रिव्ह्यू दिसला आणि नोंद गायब! सेंड तर अजून दाबलंच नव्हतं. काका म्हणाले, "अरे, पैसे कुठं आलेत अजून?" कागदी वही होती म्हणून वाचलो.

चूक माझीच होती. फोन सर्व्हरला विनंती पाठवतो, तेव्हा पत्त्यासोबत काय करायचं तेही सांगतो. त्याला मेथड म्हणतात. गेट म्हणजे 'दाखव', पोस्ट म्हणजे 'नवीन नोंद घे', पुट म्हणजे 'जुन्याच्या जागी हे ठेव', डिलीट म्हणजे 'काढून टाक'.

गेटने सर्व्हरवरची माहिती बदलायची नाही, हा नियम. त्या भरवशावरच प्रिव्ह्यू आपोआप गेट पाठवतो. मी मात्र नोंद उडवायचं काम गेटवरच ठेवलं होतं, तेही लॉगिनशिवाय. २००५ मध्ये गुगलच्या वेब अ‍ॅक्सिलरेटरमुळे असंच झालं होतं. तो पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचा. त्यात 'डिलीट'च्या लिंकही उघडल्या आणि लोकांचा डेटा उडाला.

माझ्या कोडमध्ये सगळं एकाच फंक्शनमध्ये होतं आणि मेथड तपासलीच नव्हती. आता तेच काम टाइपस्क्रिप्टमध्ये, स्वेल्टकिट वापरून केलंय. त्यात एका पत्त्यासाठी एक सर्व्हर फाइल असते आणि फंक्शनला मेथडचंच नाव द्यायचं: गेट, पोस्ट, डिलीट. इफ-एल्सची रांग लागत नाही. जी मेथड लिहिली नाही, तिला स्वेल्टकिट स्वतःच ४०५ हे उत्तर देतं, म्हणजे 'ही मेथड इथे चालत नाही', आणि कोणत्या चालतात तेही सांगतं. नाव चुकलं, जसं कॅपिटलऐवजी स्मॉल अक्षरं, तर एरर येते. 'रिक्वेस्टहँडलर' हा टाइप लावला, की फंक्शनने भलतंच काही परत केलं तर एडिटर लगेच लाल रेघ मारतो.

पण एक लक्षात ठेवा: गेटच्या फंक्शनमध्ये तुम्हीच डिलीटचं काम लिहिलंत, तर कुठलंही फ्रेमवर्क अडवणार नाही. आता माझी लिंक फक्त नोंद दाखवते. काढायची असेल तर लॉगिन करून बटण दाबावं लागतं, ते डिलीट पाठवतं.

काकांनी कागदी वही मात्र अजून टाकलेली नाही.