डिझेल मोटारीचे टायमिंग : बंद इंजिन पुन्हा कसे चालू होते

उज्जैन नगरी प्राचीन काळापासून कालगणनेसाठी प्रसिद्ध आहे. भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखांश याच नगरीवरून जातो असे मानले जाई. अठराव्या शतकात सवाई जयसिंह यांनी येथे वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आल्यावर १९२३ साली महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि त्या कार्यात ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांचा मोठा वाटा होता. तेथील सम्राट यंत्रावर छायेवरून स्थानिक वेळ कळते. ती भारतीय प्रमाणवेळेशी जुळवावयाची तर रेखांशातील फरकाची सुमारे २७ मिनिटे तीत मिळवावी लागतात आणि ऋतुमानाप्रमाणे आणखी थोडा संस्कार करावा लागतो. यंत्र कितीही सुस्थितीत असले, तरी वेळेचा मेळ बसल्यावाचून त्याचा व्यवहारात उपयोग होत नाही.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत हीच गोष्ट खरी आहे. माळव्यातील गावांत काय किंवा महाराष्ट्रातील गावांत काय, शेतमाल बाजारात नेणारी, प्रसंगी रुग्णाला रुग्णालयात पोहोचविणारी जुनी डिझेल मोटार किंवा जीप एखाद्या दिवशी सुरू होईनाशी होते. इंजिन 'बसले' असे ठरवून मोठ्या खर्चाचे काम काढण्यात येते किंवा गाडी भंगारात दिली जाते. कित्येकदा दोष केवळ टायमिंगचा, म्हणजे इंजिनाच्या भागांच्या परस्पर वेळेचा असतो व तो थोड्या खर्चात दूर होऊ शकतो.

वेळेला इतके महत्त्व का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनाचे तत्त्व असे की, सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या भागाइतकी दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. त्या तप्त हवेत इंजेक्टरमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते.

फवारा सोडण्याचा क्षण हेच येथे सारे काही होय. पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधी, पुष्कळशा इंजिनांत क्रँकशाफ्टच्या सुमारे १० ते २५ अंश आधी, फवारा सुरू व्हावा लागतो. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग!

हा मेळ दातेरी चाके, साखळी किंवा रबरी टायमिंग बेल्ट यांनी राखला जातो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट व इंधनपंप यांचा एक फेरा होतो. कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते असतील आणि बेल्ट एक दात घसरला, तर कॅमशाफ्ट ९ अंशांनी व क्रँकशाफ्टच्या हिशेबाने तब्बल १८ अंशांनी चुकतो.

दोषाची लक्षणे

फवारा फार लवकर होत असल्यास इंजिन जोराने खटखटते व पिस्टनवर अतिरिक्त ताण पडतो. उशिरा होत असल्यास शक्ती कमी होते, इंजिन तापते व धूर येतो. विशेषतः थंडीच्या सकाळी पांढरा धूर निघतो, पण इंजिन पकड घेत नाही. मेळ फारच बिघडला असल्यास कितीही सेल्फ मारला तरी गाडी सुरू होत नाही.

मात्र प्रथम साध्या गोष्टी तपासाव्यात. टाकीत डिझेल आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, नळ्यांत हवा शिरली आहे काय, बॅटरी पुरेशी आहे काय, हीटर प्लग तापतात काय, हे पाहावे. एवढे करूनही दोष न सापडल्यास टायमिंगकडे वळावे.

दुरुस्तीची पद्धत

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकास आणून फ्लायव्हील अथवा पुलीवरील खूण जुळविली जाते. पिस्टन एका कार्यचक्रात दोनदा वर येतो. एकदा हवा दाबताना व एकदा जळका वायू बाहेर टाकताना. यांतील पहिली वेळच धरावयाची असते. त्या वेळी पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा बंद असतात आणि चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याच्या झडपा नुकत्याच हलत असतात. ही खूण न ओळखता पंप बसविल्यास तो क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकतो व इंजिन मुळीच चालत नाही.

त्यानंतर कॅमशाफ्ट व पंप यांवरील खुणा जुळवून बेल्ट चढविण्यात येतो. पंपाचे बोल्ट सैल करून तो थोडा फिरविता येतो व सूक्ष्म फरक काढता येतो. मग पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच अडल्यास जोर लावू नये. पिस्टन झडपेला टेकत असण्याचा संभव असतो. शेवटी नळ्यांतील हवा काढून गाडी सुरू करावी.

नव्या कॉमन रेल इंजिनांत फवाऱ्याची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते. तेथे पंप फिरवून उपयोग नसतो; सेन्सर तपासावे लागतात. तथापि कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांचा मेळ तेथेही यंत्रानेच राखला जातो.

सावधगिरी

बेल्ट तुटल्याची शंका असल्यास गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. झडपा वाकून किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होते. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो त्वचा भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली, तरी रुग्णास विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. बेल्ट निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावा व त्याची तारीख गाडीत लिहून ठेवावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात हे काम शिकविले जाते. गावातील एखाद्या होतकरू तरुणाने ते आत्मसात केले, तर अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील व अडल्या वेळी गावाची सोय होईल. शाळेतील शिक्षकांनाही सायकलच्या दोन दातेरी चाकांच्या व साखळीच्या साहाय्याने फेऱ्यांचे प्रमाण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.