सोल्यूशनचा वास आणि हाडातील मज्जा

चपला चिकटविण्याचे सोल्यूशन, रंगातला थिनर, पेट्रोल यांचा वास काही जणांना फार आवडतो. 'नुसत्या वासाने काय होणार, डॉक्टर?' असे मला दवाखान्यात नेहमी विचारले जाते. काय होते, ते इस्तंबूलच्या बूट कारागिरांच्या रक्तात दिसून आले आहे.

तुर्कस्तानातील या शहरात १९६० च्या आसपास बेंझीन असलेला गोंद सर्रास वापरला जाऊ लागला. खोल्या लहान, खिडक्या बंद, आणि कारागीर दिवसभर आतच. डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली अशा २६ कारागिरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना तीव्र रक्तकर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था झाली होती. काहींचे रक्त आधी नुसतेच कमी झाले होते; कर्करोग नंतर आला.

आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत मूळ पेशी असतात. त्यांना रक्ताचे बियाणेच म्हणा ना! तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळे त्यांच्यापासूनच तयार होते. श्वासावाटे गेलेले बेंझीन यकृतात बदलते, त्यापासून झालेली द्रव्ये मज्जेत पोचतात आणि तेथे अधिकच जहाल बनून या पेशींच्या जनुकांवर घाव घालतात. बियाणे मेले तर रक्त आटते. बिघडलेले बियाणे उगवले तर रक्तकर्करोग. चीनमधील तिआनजिन येथील बूट कारखान्यांच्या अभ्यासात (२००४) हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी बेंझीन असतानाही कामगारांच्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कमी आढळल्या. म्हणजे वास आला नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

प्रत्येक थिनरमध्ये बेंझीन असतेच असे नाही. पुष्कळदा टोल्यूइन असते. ते मज्जेपेक्षा मेंदूला अधिक बाधते. पण बिनलेबलच्या डब्यात काय आहे, हे दुकानदारही सांगू शकत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असतेच. आपल्याकडे त्याची मर्यादा आता १ टक्का आहे. तरीही नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणारे आणि ग्रीसचे हात पेट्रोलने धुणारे मेकॅनिक मी रोज पाहतो. चांगले साबण-पाणी असताना हा उद्योग कशाला?

प्लेटलेट्स जेमतेम आठ-दहा दिवस जगतात, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. म्हणून कित्येकदा फिकटपणा येण्याआधी हिरड्यांतून रक्त येते, अंगावर जांभळे डाग उठतात किंवा ताप वारंवार उलटतो. अशा कामातल्या माणसाला थकवा आला की घरचे लोखंडाचे टॉनिक सुरू करतात. टॉनिकने मज्जा सुधारत नाही. आधी प्लेटलेट्ससह रक्ताची पूर्ण तपासणी करा आणि डॉक्टरांना आपले काम काय ते आपणहून सांगा. तिन्ही पेशी कमी निघाल्या तर रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे लागेल. तोवर त्या खोलीत पाऊल टाकू नका.

दुकान चालविणाऱ्यांनी सोल्यूशनचा डबा वापर झाला की लगेच झाकावा, चिकटविण्याचे काम ओसरीवर किंवा झाडाखाली करावे. नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही.