स्मृतिस्थान-निदर्शन, बहुनोडी संगणकातील

अनेक नोड असलेल्या संगणकात एखाद्या पत्त्यावरील माहिती प्रत्यक्षात कोणत्या नोडाच्या स्मृतीत आहे, हे कार्यक्रमाला कळविण्याची व्यवस्था. नोड म्हणजे एक वा अधिक प्रक्रियक व त्यांना निकट जोडलेली स्मृती यांचा गट होय. कोणत्याही प्रक्रियकाला सर्व स्मृती वापरता येते. तथापि परक्या नोडाकडील माहिती जोडमार्गाने आणावी लागत असल्याने तिला बहुधा दीडपट ते दुप्पट वेळ लागतो. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा ओरिजिन २००० (१९९६) हा या रचनेचा प्रसिद्ध संगणक होय. एएमडी कंपनीच्या ऑप्टेरॉन प्रक्रियकात (२००३) स्मृति-नियंत्रक अंतर्भूत झाल्यावर दोन प्रक्रियकांचे साधे सेवासंगणकही याच वर्गात आले.

कार्यक्रमाला दिसतात ते केवळ आभासी पत्ते. त्यांची सांगड भौतिक स्मृतीशी घालण्याचे काम परिचालन प्रणाली करते व ते पृष्ठशः (सामान्यतः ४,०९६ बाइटांचे एक पृष्ठ) होते. लिनक्स प्रणालीत, वेगळी सूचना नसल्यास, पृष्ठाला प्रथम स्पर्श करणारा प्रक्रियक ज्या नोडात असेल तेथे ते शक्यतो ठेवले जाते. यातूनच एक नेहमीची चूक उद्भवते. एखाद्या मोठ्या सारणीत आरंभीची शून्ये एकाच प्रक्रियकाने भरली, तर संपूर्ण सारणी त्याच्या नोडात साठते. पुढे सर्व नोडांतील प्रक्रियक तिच्यावर काम करू लागले की, त्या एका नोडापाशी गर्दी होते. उत्तरे अचूक येतात, फक्त उशिरा येतात. त्यामुळे स्थान पाहिल्याशिवाय दोष ध्यानात येत नाही.

लिनक्समधील ‘न्यूमा मॅप्स’ ही फाइल प्रत्येक स्मृतिखंडाची किती पृष्ठे कोणत्या नोडात आहेत ते सांगते. मात्र कोणते पृष्ठ कोठे, हे तीत नसते. एकेका पत्त्यासाठी ‘गेट मेमपॉलिसी’ हे आवाहन आहे. त्याची एक खोड अशी की, त्या पत्त्यासाठी पृष्ठ अद्याप दिलेले नसेल, तर ते विचारण्याच्या निमित्तानेच दिले जाते. म्हणजे प्रश्नामुळेच उत्तर निर्माण होते. ‘मूव्ह पेजेस’ (२००६) हे आवाहन, नावाप्रमाणे पृष्ठे न हलविताही, अनेक पत्त्यांचे नोड एकदम सांगते व पृष्ठ नसल्यास तसे कळविते. तपासणीस तेच अधिक योग्य. सोलॅरिस प्रणालीतील ‘मेमइन्फो’ हे आवाहनही अनेक पत्त्यांची अशी माहिती देते.

मिळालेले उत्तर क्षणापुरतेच खरे असते, कारण प्रणाली पृष्ठे स्वतःहून दुसऱ्या नोडात हलवू शकते.

किती माहिती उघड करावी, हाही प्रश्न आहे. लिनक्सची ‘पेजमॅप’ फाइल (२००८) पृष्ठाच्या भौतिक चौकटीचा क्रमांकच देत असे. स्मृतीतील एक ओळ वारंवार वाचून शेजारच्या ओळीतील बिट पालटविण्याच्या ‘रो हॅमर’ हल्ल्याला ही माहिती उपयोगी पडते, असे २०१५ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी सामान्य वापरकर्त्यांपासून हा क्रमांक लपविण्यात आला. वेगासाठी चौकटीचा क्रमांक लागत नाही, नोडाचा पुरतो. तो मात्र सामान्य वापरकर्त्यास आपल्या कार्यक्रमापुरता पुढेही विचारता येतो.