हरवलेल्या नोंदी पुन्हा उभ्या करताना



रुग्णालयाच्या संगणकातील सर्व नोंदी एके दिवशी नष्ट झाल्या आणि त्यांची राखीव प्रतही नसली, तर काय करावे? हा प्रश्न केवळ कार्यालयापुरता नाही. एखाद्या रुग्णास कोणते औषध बाधते, ही एक ओळ हरवली तरी त्याच्या जीवावर बेतू शकते.

अशा वेळी तो संगणक प्रथम बंद करावा. हार्ड डिस्कवरील पुसलेली माहिती बहुधा लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. तेथे नवे काही लिहिले गेले की मात्र ती कायमची जाते. म्हणून नव्या नोंदी वहीत कराव्यात आणि डिस्क तज्ज्ञाकडे सोपवावी. तज्ज्ञ आधी तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवरच काम करतात.

तेथे यश न आल्यास कागद कामी येतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागून असंख्य फायली जळाल्या. आधी स्कॅन केलेल्या फायली वाचल्या. उरलेल्यांसाठी जिल्हा व विभागीय कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. अपुऱ्या नोंदींवरून हिशेब मांडण्याची हीच रीत वाणिज्य शाखेत शिकवली जाते. देणग्या पावत्यांच्या स्थळप्रतींवरून व बँकेच्या उताऱ्यावरून, बाळंतपणे जन्मनोंदींवरून आणि उपचार रुग्णांच्या घरच्या डिस्चार्ज कार्डावरून पुन्हा नोंदविता येतात.

तथापि हिशेबाचा ताळा जमला म्हणजे रुग्णाची नोंद पूर्ण झाली, असे नव्हे. रक्तगट अंदाजाने लिहिता येत नाही. तो पुन्हा तपासावाच लागतो. जे सापडले नाही, ते 'उपलब्ध नाही' असेच प्रामाणिकपणे लिहावे लागते.

घरचा कागदही सदैव सुरक्षित नसतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत आपल्या पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावांत पाणी शिरले, हे आपण जाणताच. यास्तव एक राखीव प्रत रुग्णालयात व दुसरी पुराच्या आवाक्याबाहेर असावी. आणि ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल व देणगीची पावती आपण जपून ठेवावी आणि फेरतपासणीस येताना कागद सोबत आणावेत, ही नम्र विनंती. आपल्या घरातील ती फाईल आमचाही आधार आहे.