उलटीची गोळी आणि वाकडी झालेली मान

मांडव्याला जाताना बोट लागते म्हणून, नाहीतर पोट बिघडलं म्हणून, उलटी थांबवायचं औषध तुम्ही कधी ना कधी घेतलंच असेल. मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) आणि प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) ही त्यातली जुनी, स्वस्त औषधं. बहुतेकांना ती निमूट लागू पडतात. पण क्वचित एखाद्याची मान काही तासांतच एका बाजूला ओढली जाते, जबडा आवळतो, बुबुळं वर जाऊन तिथेच अडकतात. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो! याला अक्यूट डिस्टोनिया म्हणतात.

आता हे होतं कसं? मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, तिथे डोपामिनचा निरोप पोचला की मळमळ सुरू होते. औषध तो निरोप अडवतं. गोची अशी, की डोपामिनला दुसरीही कामं आहेत. मेंदूत खोलवर, बेसल गँग्लियात, स्नायू आवळणं-सैल सोडणं चालतं ते डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन यांच्या तोलावर. औषध तिथवर पोचलं की डोपामिनचं पारडं हलकं होतं आणि स्नायू आवळलेलेच राहतात. डोमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून त्याने हा प्रकार फार कमी होतो.

मेटोक्लोप्रामाइडच्या अमेरिकी माहितीपत्रकानुसार, दिवसाला 30 ते 40 मिलिग्रॅम घेणाऱ्या साधारण 500 जणांत एकाला, बहुधा पहिल्या 24 ते 48 तासांत. मुलं आणि तिशीच्या आतल्यांना धोका जास्त. 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी मोठ्यांसाठी दिवसाला 30 मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त 5 दिवस अशी मर्यादा घातली.

खरा घोळ होतो तो ओळखण्यात. कुणी धनुर्वात म्हणतं, कुणी फिट, कुणी ‘बाहेरचं’. आणि पेशंट तरुण मुलगी असेल तर ‘नाटक करतेय’ हे ठरलेलंच. (हे मला सगळ्यात चीड आणणारं वाटतं.) म्हणून दवाखान्यात जाताना गेल्या दोन-तीन दिवसांतल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. निदान बऱ्याचदा त्यातच असतं.

उतारा सोपा आहे: प्रोमेथाझिनचं इंजेक्शन. बहुतेकदा काही मिनिटांत मान सरळ. गंमत म्हणजे बोट लागू नये म्हणून घेतात त्या अ‍ॅव्होमिनमध्येही प्रोमेथाझिनच असतं. पण म्हणून घरी गोळी भरवू नका. घसा आवळलेला असेल तर ठसका लागेल, आणि क्वचित श्वासही अडकतो. इंजेक्शनचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरला तर मान पुन्हा वळू शकते, म्हणून डॉक्टर पुढचे दोन-तीन दिवस गोळ्या देतात. त्या मधेच सोडू नका.