नव्या शिकारी रायफलीची पारख

ज्या रायफलीत प्रत्येक गोळी झाडल्यानंतर हाताने दांडा उचलून मागे ओढावा लागतो, रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत ढकलावे लागते, तिला बोल्ट रायफल म्हणतात. आपल्या देशात या जातीची सर्वांत परिचित रायफल म्हणजे पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्याची ०.३१५ इंच व्यासाची रायफल. तिची रचना ली-एनफील्ड या लष्करी रायफलीवरून घेतलेली आहे. काडतूस मात्र निराळे, जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर काडतुसाच्या घराण्यातले आहे. याचे कारण तांत्रिक नसून राजकीय होते. लष्कराची ०.३०३ ची काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत, अशी ब्रिटिश राज्यकर्त्यांची इच्छा होती. राज्यकर्ते गेले, पण तो व्यास राहिला.

आता शिकार हा छंद म्हणून उरलेला नाही, आणि ते योग्यच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार, उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारावयाचे असले तरी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अशी परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याच्या किंवा मळेवाल्याच्या हाती नवी रायफल येते, तेव्हा ती कितपत विश्वासार्ह आहे हे त्याने आधी ठरविले पाहिजे. न ठरविल्यास काय होते, याचे उदाहरण जिम कॉर्बेट यांनी नोंदवून ठेवले आहे. १९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजव्या बाजूचे दोन सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती. नेहमीचे भक्ष्य धरणे अशक्य झाल्यामुळे ती माणसांकडे वळली. कोणा अज्ञात नेमबाजाच्या एका चुकलेल्या गोळीचे मोल कुमाऊँच्या खेड्यांनी मोजले.

रायफल दुकानातून आणली की प्रथम तिच्यावरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. नंतर बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. कारखान्यात लावलेले घट्ट तेल नळीत व काडतुसाच्या कोठीत असते. ते गजाने पूर्ण पुसून काढल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. आतील पीळदार खाचा टोकापासून टोकापर्यंत सारख्या चमकाव्यात. दस्त्याचे सर्व स्क्रू आवळलेले असावेत. सुरक्षेची कळ लावून चाप जोराने ओढून पाहावा, मग चाप सोडून कळ काढावी. कळ काढताना टाचणी सुटली, तर रायफल तशीच परत करावी.

या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. पुष्कळ वेळा ज्याला रायफलीचा दोष म्हटले जाते तो भरणाऱ्याच्या बोटांचा असतो. बिनदारूची सरावाची काडतुसे घेऊन ही क्रिया घरीच, बोटांना वळण लागेपर्यंत करावी.

गोळी झाडण्याची गोष्ट मात्र घरी होत नाही. बंगळूरच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूरचे उदाहरण घेऊ. एके काळी हे मोठ्या तळ्याकाठचे खेडे होते. आज तळ्याभोवती इमारतींची दाटी आहे, आणि या व्यासाची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. तेथे राहणाऱ्या व कोडगूत कॉफीचा मळा असणाऱ्या माणसाला रायफल तपासावयाची असेल, तर परवानाप्राप्त चांदमारी गाठण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय काडतुसे किती बाळगावीत याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. म्हणून प्रश्न असा उभा राहतो: थोड्या काडतुसांत जास्तीत जास्त माहिती कशी मिळवावी?

पहिली गोळी २५ मीटरवरून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून झाडावी. पिशवी दस्त्याच्या पुढील लाकडाखाली असावी, नळीखाली नव्हे. रिकामे काडतूस उचलून पाहावे. ते फुगलेले, चिरलेले, किंवा बुडाजवळ चकचकीत वलय उमटलेले असेल तर तेथेच थांबून रायफल कारागिराकडे न्यावी. ली-एनफील्ड पद्धतीत बोल्टचे डोके वेगळे असते, आणि बोल्ट व काडतूस यांतील अंतर त्याच्यावर अवलंबून असते. ते बदलणे हे घरगुती काम नव्हे.

त्यानंतर १०० मीटरवर पाच गोळ्या. येथे बहुतेक नवशिके एकच चूक करतात. पहिली गोळी उजवीकडे लागली की माशी सरकवतात, दुसरी डावीकडे गेली की पुन्हा सरकवतात. गोळ्यांचा काही पसारा प्रत्येक रायफलीत असतोच. दर गोळीमागे तो दुरुस्त करू पाहणारा माणूस तो पसारा सुमारे १.४ पट वाढवतो, असे गणित सांगते. पाचही गोळ्या झाडून होईपर्यंत माशीला हात लावू नये. मग पुंजक्याचा मध्य काढावा आणि एकदाच दुरुस्ती करावी. माशी हलवावयाची ती चुकीच्या दिशेने: गोळ्या उजवीकडे जात असतील तर माशीही उजवीकडे. माशी आणि मागची खाच यांत अर्धा मीटर अंतर धरले, तर माशीचा एक मिलिमीटर १०० मीटरवर २० सेंटिमीटर होतो. तेव्हा हातोडीचा ठोका हलकाच असावा.

तीन गोळ्यांचा सुबक पुंजका दाखवून रायफलीची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा पुंजका सरासरीने दीडपटीहून किंचित मोठा निघतो. रायफल बिघडलेली नसते. तीन गोळ्यांनी तिचा सगळा स्वभाव सांगितलेला नसतो, इतकेच.

गोळी किती खाली पडते हेही जाणून घ्यावे. या घराण्यातील मूळ लष्करी गोळी सुमारे १५.८ ग्रॅम वजनाची असून सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने निघे. १०० मीटर जाण्यास तिला एक षष्ठांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून सुमारे १४ सेंटिमीटर खाली येते. १०० मीटरला जुळविलेली रायफल म्हणूनच १५० मीटरला सुमारे १० ते १२ सेंटिमीटर खाली मारते. डुकराच्या बाबतीत हृदय आणि पोट यांत एवढेच अंतर असते.

परंतु मळ्यात कोणी पाच गोळ्या ओळीने झाडत नाही. तेथे थंड नळीतून गेलेली पहिली गोळीच सर्व काही ठरवते. तिची परीक्षा घेण्याची एक काटकसरीची रीत आहे. चांदमारीवर जाल त्या प्रत्येक दिवशी पहिली गोळी एकाच राखून ठेवलेल्या कागदावर झाडावी आणि तो कागद घरी न्यावा. दहा फेऱ्यांनंतर त्यावर दहा थंड गोळ्यांचा हिशेब जमा होतो. प्रत्येक छिद्राशेजारी तारीख आणि हवामान लिहावे. बंगळूरच्या ९०० मीटर उंचीमुळे १०० मीटरवर लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही; पण पावसाळ्यात लाकडी दस्ता ओलावा शोषून फुगतो, नळीवर दाब आणतो आणि उन्हाळ्यात जुळविलेली माशी आषाढात खोटी ठरवतो. कोडगूत किंवा कोकणात रायफल नेणाऱ्याने पाऊस लागल्यावर एकदा तरी नव्याने तपासणी करावी.

शेवटची परीक्षा नेमबाजाची. वाळूची पिशवी काढून टाकावी. बसून, गुडघा टेकून आणि उभे राहून १५ सेंटिमीटरच्या वर्तुळावर गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावर सर्व गोळ्या वर्तुळात पडतात तेच त्या माणसाचे अंतर, मग पिशवीवरून रायफल कितीही दूर मारो. उभ्याने ते बहुधा ५० मीटरच्या आतच येते. हा आकडा कागदावर लिहून परवान्याच्या पुस्तिकेत ठेवावा, आणि डुक्कर त्याच्या पलीकडे असेल तर चापावरून बोट काढावे.