नळ आला, कागद सोपा केव्हा होणार?

वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात पाणीटंचाई म्हणजे केवळ विहीर आटणे नव्हे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागातील खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. म्हणून अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना वान धरणाचे आणि दर्यापूर-अंजनगावकडील गावांना शहानूर धरणाचे पाणी नळाने आणावे लागले.

नळ लांबचा म्हणून खर्च मोठा, आणि खर्च मोठा म्हणून कागदही पुष्कळ. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, वीजजोडणी. एका कागदावाचून दुसरा अडतो आणि तेवढ्यात उन्हाळा उलटतो. मजुरीवर पोट असलेल्या माणसाचा कचेरीत एक दिवस गेला की एक रोज बुडतो. मग पाठपुरावा करणार कोण?

कायदे नाहीत असे नाही. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल कायदा २०१४ साली लागू झाला. पण गावात हे किती जणांना ठाऊक आहे? नियम फायलीत राहतो आणि बोअरची गाडी शेतात उभी राहते.

२०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरले. गावाच्या पाणी समितीत निम्म्या महिला आणि चौथा हिस्सा दुर्बल घटकांचा असावा, असे त्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गावातील कामाची लोकवर्गणी दहा टक्के. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असेल तेथे पाच टक्के. ही सवलत आपल्या वस्तीला कोणी वाचून दाखवली काय?

कागदावरचा हक्क म्हणजे पाणी नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. फाईल का लागते हे आम्हाला कळते. पाण्याची तपासणी, निविदा, हिशेब हे नियम मुळीच सैल होऊ नयेत. ते गेले तर गरिबाचाच घात होईल. आमचे मागणे एवढेच : अर्ज एकच असावा, तो एकाच टेबलावर घ्यावा, पावतीवर मुदत लिहावी. मोटार जळाली तर ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा स्पष्ट अधिकार समितीला असावा व तो हिशेब पुढच्या ग्रामसभेत मांडावा. वसुली, वीजबिल आणि शिल्लक दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर सोप्या मराठीत लागावी. बिल थकले की वीज तुटते, वीज तुटली की नळ कोरडा. धरण भरलेले असूनही गाव तहानलेले राहते ते असे.

बंधूंनो, भगिनींनो, पाणीपट्टी भरा आणि पावती जपून ठेवा. ग्रामसभेला जा, मायबहिणींनी तर जावेच, कारण घागर त्यांच्याच डोक्यावर आहे. तेथे तीन प्रश्न विचारा : समितीत कोण आहे? जमाखर्च कोठे आहे? पाणी शेवटचे केव्हा तपासले? उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज द्या. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विचारणारी वस्ती टाळणे कोणालाही सोपे नसते.